वरच्या ओळीचा ओला भुसा

आत्याच्या फाइलीत एकोणीस वर्षांत मिळून चार कागद जमले होते. एक नेमणुकीचा, एक कायम केल्याचा, एक पाय मोडला तेव्हाच्या रजेचा आणि एक धनुर्वाताच्या सुईचा. पाचवा लागला तो एका बुधवारी. कारकून तो घेऊन तळघरातल्या उंदीरघराच्या दारापर्यंत आला, आत यायची त्याची छाती नव्हती, आणि बाहेरूनच म्हणाला की वाचून खाली सही करा. कागदावरची ओळ अशी होती: पिंजऱ्यांच्या चिठ्ठ्यांची सेवकाकडून अदलाबदल झाल्याची शक्यता आहे, त्यामुळे दुसऱ्या तुकडीचे निष्कर्ष ग्राह्य धरू नयेत.

उंदीरघरात सेवक एकच होता आणि तो म्हणजे आत्या. नाव लिहायची भीड वाटली म्हणून सेवक लिहिलं असेल, पण बोट कोणाकडं आहे ते आंधळ्यालाही कळलं असतं. आत्यानं ओळ दोनदा वाचली. तिच्या अंगाची लाही झाली ती अदलाबदल या शब्दानं नाही, शक्यता या शब्दानं. चोर म्हणायचं तर तोंडावर म्हणावं, माणूस निदान भांडू तरी शकतो. शक्यतेशी भांडायचं कसं? तिची गचांडी धरता येत नाही.

"वाचलं," ती कारकुनाला म्हणाली. "सही करणार नाही."

"अहो, सही फक्त वाचल्याची आहे."

"मग तुम्हीही वाचलंय ना? तुम्ही करा."

कारकून कागद घेऊन गेला. तासाभरानं निरोप आला की उद्यापासून आत्यानं पिंजऱ्यांच्या धुलाईत जायचं.

ती खरं तर कोणाचीच आत्या नव्हती. नोकरीच्या पहिल्या वर्षी एक संशोधक पोरगा बाहेरच्या बुटांनी आत शिरला. हिनं त्याला दारातच असा झापला की तो बाहेर जाऊन सगळ्यांना सांगत सुटला, आत माझी आत्याच बसलीय म्हणून. पोरगा शिकून कुठल्या कुठं गेला, नाव मागं राहिलं. तिच्या खऱ्या नावानं तिला हाक मारणारी जागा म्हणजे पगारपत्रक.

काम काय, तर तीनशे पिंजऱ्यांतल्या हजार-बाराशे उंदरांचं खाणंपिणं आणि हगणंमुतणं निस्तरायचं. सांगायला सोपं वाटतं. आत जायचं तर आधी कपडे बदला, झगा घाला, टोपी, तोंडाला फडकं, पायांत पिशव्या. मग दोन दारं, पहिलं लागल्याशिवाय दुसरं उघडत नाही. आत बारा तास दिवा, बारा तास अंधार, घड्याळावर. उंदीर पांढरेशुभ्र, डोळे लाल, आणि स्वभाव माणसासारखेच: काही गरीब, काही चावरे, काही उगीच गोल गोल फिरणारे. आत्याला त्यांचं फार प्रेम होतं असं कोणी म्हणालं तर ती हसली असती. मरायला आलेले जीव आहेत, ती म्हणायची, पण मरेपर्यंत कोरड्यात बसावेत.

तिची काम करायची एक रीत होती आणि ती तिनं एकोणीस वर्षांत मोडली नव्हती. नवा पिंजरा डावीकडं, जुना उजवीकडं. जुन्यावरची चिठ्ठी काढून आधी डाव्या अंगठ्याखाली. मग एकेक उंदीर शेपटीच्या बुडाशी धरून पलीकडं. चौथा पडला की चिठ्ठी नव्या पिंजऱ्याच्या खाचेत, मग झाकण, मग पाण्याची बाटली. दोन जुने पिंजरे एका वेळी उघडायचे नाहीत, बाहेर इमारत पेटली तरी नाहीत. एकदा खरोखरच आगीचा भोंगा वाजला होता, सराव होता तो, आणि सगळे अंगणात उभे असताना ही सहा मिनिटं उशिरा आली. अंगठ्याखाली चिठ्ठी होती ना. त्याबद्दल तिला बोलणीही खावी लागली होती. आणि अशा बाईनं म्हणे चिठ्ठ्या बदलल्या.

आता हे प्रकरण मुळात काय होतं ते सांगायला हवं.

वर्षभरापूर्वी वरच्या मजल्यावर एक नव्या संशोधक बाई आल्या. मोठे साहेब खात्याचे प्रमुख, म्हणून या धाकट्या मॅडम. हुशार होत्या, उद्धट मुळीच नव्हत्या, पहिल्या आठवड्यात त्या स्वतः खाली येऊन स्टुलावर बसल्या आणि आपण काय करणार ते त्यांनी आत्याला सांगितलं. आत्याला याचंच अप्रूप वाटलं. एरवी वरची माणसं उंदीर मागतात नि नेतात, का ते कोणी सांगत नाही.

मॅडमनी मागवलेल्या उंदरांची जात वेगळी होती. या जातीच्या माद्या तीन-चार महिन्यांच्या झाल्या की त्यांच्या अंगातल्या लढाऊ पेशी स्वतःच्याच स्वादुपिंडावर तुटून पडतात. इन्सुलिन बनवणारी जागा खाऊन टाकतात आणि मग उंदराला साखरेचा आजार होतो. माणसांच्या लहान पोरांना होतो तोच, सुया टोचून जगायला लावणारा. लढाऊ पेशी असतात रोगजंतूंना मारायला. त्यांनी घरच्या माणसांवर हात टाकू नये म्हणून शरीरात दुसऱ्या पेशी असतात, त्यांना मॅडम नियंत्रक टी-पेशी म्हणाल्या. आत्यानं लगेच त्यांचं राखणदार करून टाकलं. हा राखणदार कोणाला मारत नाही. मारायला निघालेल्याचा हात धरतो, हा आपलाच आहे, जाऊ दे, असं सांगतो.

पण राखणदार स्वतःच्या जिवावर जगत नाही, मॅडम म्हणाल्या. पेशी एकमेकींना निरोप धाडतात, रक्तातून जाणारी बारीक प्रथिनं असतात ती, सायटोकाइन म्हणतात त्यांना. त्यांतलं एक इंटरल्यूकिन-दोन. ते मुख्यतः बनवतात लढाऊ पेशी, आणि राखणदाराला ते बनवताच येत नाही, पण ते मिळालं नाही तर तो वाळून जातो. या जातीच्या उंदरांत हा निरोपच कमी पडतो. राखणदार उपाशी, मग घरात मारामारी.

"मग तेच बाहेरून टोचायचं," आत्या म्हणाली.

"टोचायचं, पण अगदी थोडं," मॅडम म्हणाल्या. राखणदाराच्या अंगावर हा निरोप पकडायची जागा फार पक्की असते, थोडासा असला तरी तो पकडतो. लढाऊ पेशींची पकड ढिली. त्यांना तो भरपूर लागतो, तेव्हा कुठं त्या हलतात. म्हणून थोडं दिलं तर राखणदार पोसतात, फार दिलं तर लढाऊच माजतात.

आत्यानं थोडा विचार केला. "म्हणजे हळू हाक मारली तर राखणदार तेवढा उठतो," ती म्हणाली, "आणि बोंब ठोकली तर सगळी आळी काठ्या घेऊन बाहेर येते."

मॅडमना हे इतकं आवडलं की त्यांनी ते खिशातल्या वहीत लिहून घेतलं. ही लिहून घेतलेली ओळ लक्षात ठेवा.

पहिली तुकडी वीस पिंजऱ्यांची, एकेका पिंजऱ्यात चार माद्या. वरच्या फळीवर दहा पिंजरे, त्यांना औषध; खालच्या फळीवर दहा, त्यांना नुसतं मिठाचं पाणी. आठवड्यातले पाच दिवस मॅडम खाली येऊन टोचायच्या. साखर कोणाची वाढली ते बघायला त्या आठवड्यातून एकदा शेपटीतून रक्ताचा थेंब काढायच्या, पण आत्याला ते चार-पाच दिवस आधीच कळलेलं असायचं. साखरेचा उंदीर घटाघटा पाणी पितो आणि तेवढंच मुततो. पिंजरा उचलला की तिच्या मनगटाला वजन कळायचं, भुश्यात बोट घातलं की चिकट ओल कळायची. अशा पिंजऱ्याला तिसऱ्या-चौथ्या दिवसाची वाट बघता येत नाही, रोज बदलावा लागतो. म्हणून ओला पिंजरा सापडला की ती जाळीच्या कडेला औषधाच्या कुपीचं रिकामं टोपण अडकवून ठेवायची. मॅडम सुया तेवढ्या डब्यात टाकत, टोपणं टेबलावरच ठेवून जात. आणि कोणता पिंजरा कोणत्या तारखेला ओला, त्याची फुली आत्या आपल्या वहीत मारायची. वही कोणी मागितली नव्हती. धुलाईतला माणूस जास्तीचे पिंजरे का पाठवले म्हणून कटकट करायचा, त्याचं तोंड बंद करायला ठेवलेली.

पहिल्या तुकडीत खालच्या दहांतले सात पिंजरे ओले झाले आणि वरच्या दहांतला एक. मॅडम हरखून गेल्या. खाली येऊन त्यांनी आत्याचे दोन्ही हात धरले, मोजे घातलेले, भुसा लागलेले. मोठ्या साहेबांनी दुसऱ्या तुकडीला होकार दिला. म्हणजे जे एकदा दिसलं ते पुन्हा दिसतं का ते बघायचं. पुन्हा दिसलं तरच ते खरं.

दुसऱ्या तुकडीसाठी चिठ्ठ्या लावतानाच आत्याचा एक खटका उडाला होता. पूर्वी सगळ्यांच्या कानाला सलग नंबराच्या खाचा पाडत, एकपासून शेवटपर्यंत, मग उंदीर कुठंही सुटला तरी कान बघून घर कळायचं. मॅडमनी वेळ वाचवायला प्रत्येक पिंजऱ्यात एक, दोन, तीन, चार असंच सुरू केलं. आत्या म्हणाली, असं नका करू, उद्या घोळ झाला तर एक नंबरचे वीस उंदीर होतील, त्यातला तुमचा कोणता सांगाल? मॅडम म्हणाल्या, तुम्ही असताना घोळ कशाला होईल. त्या वेळी ते कौतुक वाटलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात वरच्या ओळीतला दुसरा पिंजरा जड लागला. मग पाचवा, मग सहावा आणि सातवा एकाच दिवशी. आत्यानं मॅडमना सांगितलं की वरची ओळ ओली होतेय. मॅडम घाईत होत्या. बाटली गळत असेल, म्हणाल्या. आत्यानं सगळ्या बाटल्या पालथ्या धरून बघितल्या, एकही गळत नव्हती. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं. तेव्हा मॅडम थोड्या तिरसटून म्हणाल्या की आत्या, निष्कर्ष काढायचं काम माझ्यावर सोडा, तुम्ही भुसा बदला. आत्यानं भुसा बदलला. रोज बदलला. चौथ्या आठवड्याच्या शेवटी रक्त तपासलं तर वरचे दहाच्या दहा पिंजरे साखरेचे. औषधानं वाचायला हवे होते तेच आधी गेले.

असं होऊच शकत नाही, मॅडम म्हणाल्या. होऊ शकत नाही म्हणजे कोणाची तरी चूक. आणि टोचणारा हात आपला असला की चूक भुसा बदलणाऱ्या हाताची. वरच्या मजल्यावर बैठक झाली, आत्याला बोलावलं नाही, आणि बुधवारी तो कागद खाली आला.

धुलाईत ज्याचं राज्य होतं त्याला सगळे वाफाड्या म्हणत, दिवसभर वाफेच्या भट्टीपुढं उभा असायचा म्हणून. आत्याशी त्याचं एकोणीस वर्षं भांडण, म्हणजे दोस्तीच. पहिल्या दिवशी त्यानं तिला स्टूल दिलं, खरवडायचा पत्रा दिला आणि म्हणाला, या, तुमच्याच उंदरांचं मूत आहे, परकं काही नाही. उंदीरघरात तिच्या जागी बागेतल्या माळ्याला घातलं होतं. तो बिचारा भुसा कुंडीत माती भरल्यासारखा दाबून दाबून भरायचा.

संध्याकाळी घरी ती बोलत सुटली. नवरा पाण्याच्या पंपांच्या जळक्या मोटारी पुन्हा गुंडाळून द्यायचा, घराच्या पुढच्या खोलीतच त्याचं दुकान, सगळ्या घराला जळक्या तारेचा वास. तो तांब्याची तार गुंडाळत ऐकत होता.

"एकोणीस वर्षं," ती म्हणाली. "एक चिठ्ठी इकडची तिकडं नाही. आणि बाईनं मला विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर दाखवलं असतं ना मी, चिठ्ठी कुठं धरते ते."

"मोटार जळाली की गिऱ्हाईक पहिल्यांदा मलाच म्हणतं, तू तार हलकी घातलीस," तो म्हणाला. "मी भांडत नाही. मी विचारतो, मागच्या खेपेपासून काय बदललं? कोणीतरी काहीतरी बदललेलं असतंच."

"मी काही बदललं नाही."

"तू नाहीस गं. काय बदललं ते विचारतोय."

तो तिला नीट उत्तर देत नाही असं वाटून ती उठून भाकरी करायला गेली. पण पीठ मळताना तिचं डोकं त्याच प्रश्नावर फिरत राहिलं.

दुसऱ्या दिवशी धुलाईत तिनं आपली वही काढली. पिंजरा खरवडताना एका गुडघ्यावर वही, भुश्याचे डाग पडताहेत, पडू देत. पहिली तुकडी: वर एक फुली, खाली सात. दुसरी: वर दहा, खाली सहा. बराच वेळ ती आकड्यांकडं बघत राहिली आणि मग तिनं वाफाड्याला हाक मारली.

समज मी अदलाबदल केली, ती म्हणाली. वरच्या चिठ्ठ्या खाली, खालच्या वर. मग औषध मिळालेली ओळ ती खालची ठरली. पण औषध मिळालं की दहांत एक ओला, हे आपण बघितलंय. तशी कोरडी ओळ कुठंतरी असायला हवी की नको? वर बघ, नाही. खाली बघ, नाही. मी काय कोरडे उंदीर खाऊन टाकले?

वाफाड्यानं कपाळ खाजवलं. "दोन्हीकडं ओलंच येतंय खरं," तो म्हणाला. "आणि वरचं तर असलं जड, मला वाटलं तुम्ही रागानं पाणी ओतताय."

म्हणजे चिठ्ठ्या बरोबर होत्या. वरच्या ओळीला काहीतरी मिळालं होतं आणि जे मिळालं त्यानं वाईट केलं होतं. काय बदललं? भुसा तोच, दाणा तोच, जात तीच, टोचणारी बाई तीच. आत्या डोळे मिटून आपली वरची फळी डोळ्यांसमोर आणत होती: जाळ्या, चिठ्ठ्या, बाटल्या, कडेला अडकवलेली टोपणं. लाल टोपणं. आणि पहिल्या तुकडीत एकाच पिंजऱ्याला अडकवलेलं ते टोपण, आणि खालच्या सातांची, सगळी निळी.

ती पत्रा टाकून उठली.

औषधाचे रिकामे पुठ्ठ्याचे खोके टाकायचे नाहीत ही तिची जुनी खोड. छोटे, दणकट खोके. कोणत्यात पेन्सिली, कोणत्यात कानाला खाच पाडायच्या चिमट्याची पाती, कोणत्यात खडू. उंदीरघरात माळी मांडी घालून डबा खात होता, त्याला तिनं आधी त्यावरून झापलं आणि मग फळीवरून दोन खोके काढले. इंग्रजी तिला फारसं येत नव्हतं, आकडे येत होते. निळ्या टोपणाच्या खोक्यावर एकावर पाच शून्यं. लाल टोपणाच्या खोक्यावर एकावर सहा. तिनं बोट ठेवून तीनदा मोजली. मग शेजारच्या टोचायच्या खोलीत गेली. तिथल्या फ्रिजच्या दारावर मॅडमनी स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली होती, एका कुपीत पाणी किती घालायचं त्याची. कडा पिवळ्या पडल्या होत्या, तारीख मागच्या वर्षीची. औषध दहापट झालं होतं, पाणी तेवढंच राहिलं होतं. हळू हाक मारायची होती तिथं महिनाभर रोज बोंब ठोकली होती, आणि चाळीस उंदरांच्या अंगात सगळी आळी काठ्या घेऊन उठली होती.

आता तिला जो राग आला तो बुधवारच्या रागापेक्षा मोठा होता. चुकतं माणसाचं, पुरवठा करणारा कुपी बदलतो, शून्य नजरेतून सुटतं. पण खोका बघायला अर्धं मिनिट लागतं. ते अर्धं मिनिट न देता एका माणसाची एकोणीस वर्षं एका ओळीत काढून टाकली. वरच्या ओळीचा ओला भुसा उचलून जिना चढावा आणि बैठकीच्या टेबलावर पालथा करावा असं तिच्या फार मनात आलं. केलं नाही. उंदीरघरातली घाण बाहेर न्यायची नसते.

ती खोके आणि वही घेऊन मोठ्या साहेबांच्या खोलीत गेली. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवून खोके डोळ्यांजवळ धरले, शून्यं मोजली, फुल्या बघितल्या. मग मॅडमना बोलावलं. मॅडमनी खोके बघितले मात्र, चेहरा भुश्यासारखा झाला. साहेब म्हणाले, बरं झालं, लक्षात आलं. कोणाच्या लक्षात आलं, हे त्यांनी सांगितलं नाही. आत्याला म्हणाले, तुम्ही उद्यापासून पुन्हा खाली जा.

"आणि तो कागद?"

"बघू, बघू. ते कार्यालयाचं काम आहे."

आत्या परत गेली. माळ्यानं दाबलेला भुसा आधी मोकळा केला. तिसरी तुकडी आली, या वेळी तीन ओळींची: एकीला थोडं औषध, एकीला दहापट, एकीला मिठाचं पाणी. थोडं मिळालेली कोरडी राहिली, दहापटीची झपाट्यानं ओली झाली. मॅडमनी पेशी मोजल्या, थोड्या औषधात राखणदार वाढलेले होते, दहापटीत लढाऊ पेशींनी त्यांना पार झाकून टाकलं होतं. त्या आत्याशी गोड बोलत, पुडा भरून बिस्किटं आणत, वहीतल्या फुल्या मागून नेत. कागदाचं नाव मात्र कोणी काढत नव्हतं. आत्यानं कार्यालयात दोनदा विचारलं. कारकून म्हणाला, फाइलीत लागलेला कागद निघत नाही. सही नसली तरी लागलेला तो लागलेला.

मग ते भाषण आलं. बाहेरून आठ-दहा मोठी माणसं येणार होती, वरच्या सभागृहात मॅडम आपलं काम सांगणार होत्या, आणि सगळ्या कर्मचाऱ्यांनाही बसायला सांगितलं होतं, खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून. आत्या आणि वाफाड्या शेवटच्या रांगेत बसले. पडद्यावर रंगीत ठिपके आले, रेघा आल्या. मग मॅडम म्हणाल्या की आम्ही मुद्दाम दोन मात्रा घेऊन बघितल्या, कारण आमचा अंदाज असा होता की जास्त मात्रा उलटी पडेल.

वाफाड्यानं आत्याकडं बघितलं. आत्या पडद्याकडं बघत होती. पडद्यावर तिच्या वहीतल्या फुल्या होत्या, छापील अक्षरात, तारखांसकट.

मग मॅडम हसून म्हणाल्या, "सोप्या शब्दांत सांगायचं तर, हळू हाक मारली की राखणदार तेवढा उठतो, आणि बोंब ठोकली की सगळी आळी काठ्या घेऊन बाहेर येते." लोक हसले. पुढच्या रांगेतले एक म्हातारे पाहुणे, पांढऱ्या भुवयांचे, मोठ्यानं वा म्हणाले. शेवटी टाळ्या झाल्या आणि साहेबांनी विचारलं, कोणाला काही प्रश्न?

आत्या उठली. साहेबांना वाटलं चहाची व्यवस्था बघायला उठली असेल.

"मला एक विचारायचंय," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, आणि सभागृहात शेवटपर्यंत पोचत होता. "दहापट मात्रा तुम्ही मुद्दाम घेतली, असं आत्ता म्हणालात. तर मग दुसऱ्या तुकडीच्या वेळी चिठ्ठ्या मी बदलल्या, अशी ओळ माझ्या फाइलीत आहे ती कशाची?"

साहेब म्हणाले की हे आपण नंतर बोलू. पण पांढऱ्या भुवयांचे पाहुणे खुर्चीत वळून बसले आणि त्यांनी विचारलं, कसली ओळ?

आत्यानं सांगितलं. निळं टोपण, लाल टोपण, पाच शून्यं, सहा शून्यं, फ्रिजवरची मागच्या वर्षीची चिठ्ठी. वही माझी, हाक आणि बोंबही माझीच, ती तुम्ही घेतलीत त्याचं काही नाही, मला ती पुन्हा सुचेल. माझं नाव तेवढं एकच आहे. चार-पाच वाक्यांत संपलं. ती खाली बसली. पाहुण्यांनी मॅडमना एवढंच विचारलं की हे खरं आहे का. मॅडमच्या हातातली पडद्यावर ठिपका पाडायची कांडी चालूच होती, तिचा लाल ठिपका जमिनीवर हलत होता. हो, त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम फाइल घेऊन खाली आल्या. झगा, टोपी, पायांत पिशव्या, सगळं रीतसर. फाइलीतल्या त्या ओळीवर आडवी रेघ मारलेली होती, साहेबांची सही होती, आणि वर लिहिलं होतं: औषधाच्या मात्रेत चूक झाल्याचे आढळले.

आत्यानं वाचलं आणि फाइल परत दिली.

"चिठ्ठ्या बदलल्या तेव्हा सेवकाकडून लिहिलं होतंत," ती म्हणाली. "इथं कोणाकडून ते लिहा."

मॅडमचे मास्कवरून डोळेच दिसत होते, रात्री झोप न झालेले. त्यांना काहीतरी बोलायचं असावं, माफीसारखं, पण आत्यानं वाट बघितली नाही, ती पिंजऱ्यांकडं वळली. पाठीमागं पेन चालल्याचा आवाज आला. फाइल पुन्हा पुढं आली तेव्हा त्यात मॅडमचं पूर्ण नाव होतं, हुद्द्यासकट. आत्यानं ते अक्षर अक्षर वाचलं, मग पेन मागून घेतलं आणि खाली वाचल्याची सही केली.

"चौथी तुकडी सोमवारी येतेय," मॅडम म्हणाल्या.

"माहितीय. ऐंशी माद्या." आत्यानं फळीवरून एक पुठ्ठ्याचा खोका काढला, लाल टोपणाचा, आतून कानाला खाच पाडायचा चिमटा काढला आणि मॅडमच्या हातात दिला. "एकपासून ऐंशीपर्यंत सलग. मी धरते, तुम्ही पाडा."

मॅडमनी चिमटा घेतला आणि उघडमीट करून बघितला. आत्या उजवीकडचा जुना पिंजरा उघडायला वाकली. चिठ्ठी तिच्या डाव्या अंगठ्याखाली होती.